छोटा प्रोग्रामेबल कीपॅड, दीड हजारात: मराठी टायपिंगसाठी कोणता घ्यावा?

कानामात्रा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. टेबलावर ठेवायला सहा ते नऊ बटणांचा छोटा प्रोग्रामेबल कीपॅड हवा आहे. फिरवायचा एक नॉब असेल तर उत्तमच. बजेट दीड हजार, अगदी ताणून सतराशे. स्ट्रीमिंगवाले वापरतात तो प्रत्येक बटणात स्क्रीन असलेला महागडा प्रकार नको.

काम मुद्रितशोधनाचं. ऑफिसात वर्ड, घरी लिब्रेऑफिस, दोन्हीकडे मराठी इनस्क्रिप्ट लेआउट (कोणत्या कळेवर कोणतं अक्षर, याची ठरलेली मांडणी). बटणांवर हवं ते असं: ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ (आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक दिवसातून पन्नास वेळा दुरुस्त करावा लागतो), ‘ॲ’, कॉमेंट टाकणं, ट्रॅक चेंजेस चालू-बंद, मीटिंगमध्ये माइक बंद करणं आणि मजकुरात टाकायची दोन-तीन ठरलेली वाक्यं. उदाहरणार्थ, ‘मूळ प्रतीशी पडताळून पाहावे’. नॉबवर झूम.

अडचण अशी की ऑफिसात विंडोज १० आहे आणि ॲडमिन पासवर्ड हातात नाही, त्यामुळे तिथे काहीच इन्स्टॉल होत नाही. घरी लिनक्स मिंट. पॅड एकच, तोच दोन्हीकडे न्यायचा. ऑनलाइन एकाच तोंडवळ्याचे वीस ब्रँड दिसतात आणि सगळ्यांवर ‘ड्रायव्हर लागत नाही’ असं लिहिलेलं असतं. ते खरं मानायचं का? आणि वाक्यं पॅडमध्येच साठवता येतात का?

टर्मिनलबुवा

वीस ब्रँड दिसले तरी आतला बोर्ड बहुधा एकाच जातीचा असतो, खोकं फक्त वेगळं. ‘ड्रायव्हर लागत नाही’ हे खरं आहे, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो साधा यूएसबी कीबोर्डच. बटणांची नेमणूक पॅडच्या आतल्या मेमरीत राहते. म्हणजे घरी मिंटवर एकदा भरा आणि ऑफिसात नुसता खोचा. सॉफ्टवेअर फक्त भरण्यापुरतं लागतं.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पॅड अक्षरं पाठवत नाही, कळा पाठवतो. ‘ऱ’ हे अक्षर त्याला माहीतच नाही. तो ‘शिफ्ट धरून जे दाबला’ एवढंच सांगतो, आणि त्याचा ‘ऱ’ करायचा की इंग्रजी कॅपिटल जे, हे त्या क्षणी चालू असलेला लेआउट ठरवतो. दोन्हीकडे इनस्क्रिप्ट आहे म्हणून तुमचं काम सोपं झालं. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवणं) वापरणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. तिथे शब्दांच्या पर्यायांची खिडकी मध्ये येते आणि त्याच कळांतून दर वेळी तेच निघेल याची खात्री राहत नाही.

आता खरेदी. मिळेल तो पॅड आधी घरी लावा आणि टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी) ही आज्ञा चालवा. यादीत ११८९:८८९० (विक्रेता आणि उपकरण क्रमांक) दिसलं तर गिटहब या साइटवरचं ‘सीएच५७एक्स-कीबोर्ड-टूल’ हे बटणं भरायचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं. ११८९:८८४० आणि ८८४२ हे भाऊबंदही चालतात. विक्रेत्याकडे आधीच विचारून ठेवा. बरेच जण उत्तर देत नाहीत, तेव्हा परत करता येईल अशा ठिकाणूनच घ्या. सोबत येणारं ‘मिनी कीबोर्ड’ नावाचं कारखान्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं असतं, कुठल्या तरी क्यूआर कोडवरून उतरवावं लागतं आणि अँटीव्हायरस त्याच्यावर गुरगुरतो. ते वापरायची वेळ आलीच तर एक खाचखळगा: त्यात ‘डाउनलोड’ लिहिलेलं बटण म्हणजे पॅडमध्ये लिहिणं. ते न दाबता खिडकी बंद केली की केलेलं सगळं पाण्यात.

टूलसाठी एक यामल (साध्या मजकुराची) फाइल लिहायची, अर्थात इंग्रजी अक्षरांत. वर पॅड कसा ठेवणार ती दिशा, मग ओळी, स्तंभ आणि नॉबची संख्या. सहा बटणं एक नॉब असेल तर २, ३ आणि १. त्याखाली लेअर (बटणांच्या नेमणुकांचा एक संच), आणि लेअरमध्ये बटणांच्या ओळी. एकत्र दाबायच्या कळा आडव्या रेघेने जोडायच्या, एकामागून एक दाबायच्या कळा स्वल्पविरामाने. मग तुमच्या गोष्टी अशा बसतात:

‘ऱ्य’ म्हणजे शिफ्ट-जे, डी, स्लॅश.
‘ऱ्ह’ म्हणजे शिफ्ट-जे, डी, यू.
‘ऱ्या’ सतत लागत असेल तर पहिल्याच्या शेवटी ई जोडा, चार कळा होतात.

फाइल झाली की आधी व्हॅलिडेट, मग अपलोड. यामलमध्ये टॅब चालत नाही, समास स्पेसने पाडायचा. पहिल्यांदा येणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा याच असतात. ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं तर सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून चालवा, किंवा ११८९ या विक्रेता क्रमांकासाठी यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांची परवानगी ठरवणाऱ्या भागाचा) एक नियम लिहून ठेवा. हेच विंडोजवर करायचं तर आधी यूएसबीडीके हा ड्रायव्हर टाकावा लागतो, म्हणजे पुन्हा ॲडमिन. तुम्ही ते घरीच करा.

८८९० ची मर्यादा: एका बटणात लागोपाठ जास्तीत जास्त पाच कळा, आणि शिफ्ट, कंट्रोल वगैरे फक्त पहिल्या कळेला. ‘ऱ्य’मध्ये शिफ्ट सुरुवातीलाच आहे म्हणून जमलं. ‘च्छ’ जमणार नाही, कारण तिथे तिसऱ्या कळेला शिफ्ट लागते. तुमचं ‘मूळ प्रतीशी पडताळून पाहावे’ स्पेस धरून सव्वीस कळांचं आहे, त्यातल्या तीन शिफ्टच्या. ते यात मावत नाही. ८८४० आणि ८८४२ मध्ये क्रम याहून लांब चालतो, तरी सव्वीसची आशा नको.

अजून एक, पॅडमधलं भरलेलं परत वाचता येत नाही. यामल फाइल हरवली तर सगळं नव्याने लिहा. फाइलची एक प्रत स्वतःलाच मेल करून ठेवा.

खटखट

बुवांनी वाक्यांची आशा सोडली, पण पाच कळांत वाक्यं बसतात. वाक्य पॅडमध्ये ठेवायचंच नाही, वर्डमध्ये ठेवायचं.

वर्डमध्ये ते वाक्य एकदा टाइप करून निवडा, ऑल्ट-एफ३ दाबा आणि नाव द्या ‘मप’. खाली गॅलरीत ऑटोटेक्स्ट निवडा. यानंतर मजकुरात ‘मप’ लिहून एफ३ दाबलं की पूर्ण वाक्य उमटतं. लिब्रेऑफिसमध्ये वाक्य निवडून कंट्रोल-एफ३, तिथे ‘मप’ हा शॉर्टकट द्या. उमटवायची कळ तिथेही एफ३च. मग पॅडच्या बटणावर ठेवायचं: स्पेस, सी, एच, एफ३. इनस्क्रिप्टमध्ये सी म्हणजे म आणि एच म्हणजे प. एकूण चार कळा, शिफ्ट एकही नाही, म्हणजे ८८९० लाही चालतं. सुरुवातीची स्पेस विसरू नका. कर्सर आधीच्या शब्दाला चिकटलेला असेल तर ‘मप’ त्या शब्दाचाच भाग होतो आणि एफ३ ला काही सापडत नाही. नावं निवडताना शिफ्टवरची अक्षरं टाळा. हे सगळं मुख्य मजकुरासाठी. कॉमेंटच्या चौकटीत करायचं असेल तर तुमच्या वर्डच्या आवृत्तीत आधी हाताने करून बघा.

‘ॲ’ची जागा लेआउटनुसार बदलते. आधी दोन्ही मशीनवर हाताने कुठे उमटतो ते शोधा. एकाच जागी असेल तर ती कळ पॅडला द्या. नसेल तर वर्डमध्ये इन्सर्ट, सिम्बॉल, तिथे युनिकोड क्रमांक ०९७२ टाका आणि ‘शॉर्टकट की’ बटणातून स्वतःची जोडणी द्या. कंट्रोल-ऑल्ट-१, २, ३ मात्र घेऊ नका, त्या हेडिंगच्या आहेत. घेतल्यात तर पुढचे सहा महिने कुणी तरी येऊन विचारेल की हेडिंग का लागत नाही.

माइकचं मात्र तुम्हाला वाटतं तेवढं सरळ नाही. गूगल मीटमध्ये माइक कंट्रोल-डी ने बंद होतो, पण मीटचा टॅब समोर असेल तरच. समोर वर्ड असताना पॅडवरून कंट्रोल-डी गेला तर फॉन्टची खिडकी उघडते आणि माइक तसाच चालू राहतो. तुम्ही बंद समजून बोलत राहता. झूम या मीटिंग ॲपच्या सेटिंगमध्ये शॉर्टकट ‘ग्लोबल’ करायची खूण आहे, ती लावली की ऑल्ट-ए कुठूनही चालतं. मीटसाठी एवढंच सांगेन: मीटिंगची खिडकी वेगळी ठेवा आणि बटण दाबण्याआधी तिच्यावर क्लिक करा. नाही तर माइकचं बटण पॅडवर ठेवूच नका.

पुढे कधी आयटीने परवानगी दिलीच तर ऑटोहॉटकी, म्हणजे कळांना स्क्रिप्टने कामं नेमून देणारा विंडोजचा प्रोग्राम. पॅडच्या बटणांना एफ१३ ते एफ२४ द्या. साध्या कीबोर्डवर या कळा नसतात, त्यामुळे कशाशीच टक्कर होत नाही. मग स्क्रिप्टमध्ये ‘एफ१३ आला की अमुक मजकूर पाठव’ असं लिहायचं. हा मजकूर युनिकोडमध्ये जातो, म्हणजे लेआउट इंग्रजी असला तरी ‘ऱ्य’ उमटतो. आवृत्ती २ ची झिप इन्स्टॉल न करता चालते. आवृत्ती १ वापरणार असाल तर फाइल ‘यूटीएफ-८, बीओएमसह’ अशी जतन करा, नाही तर देवनागरीच्या जागी कचरा येतो. परवानगी न घेता ऑफिसच्या मशीनवर स्क्रिप्ट चालवू नका, हे वेगळं सांगायला नको. आणि जुन्या पेजमेकरमध्ये यातलं काही चालणार नाही, त्याला युनिकोडच कळत नाही.

कानामात्रा

स्पेस-सी-एच-एफ३ ही युक्ती भारी आहे, धन्यवाद! दोन शंका. वर्ड आणि लिब्रेऑफिसचे शॉर्टकट वेगळे आहेत, मग एकाच पॅडवर दोन्ही कसे ठेवू? आणि कपाटात एक जुना यूएसबी नंबरपॅड पडून आहे, सतरा कळांचा. त्याचंच काही करता येईल का? फुकटात होत असेल तर पॅड कशाला घ्या.

टर्मिनलबुवा

पहिलं: पॅडच्या बाजूला लेअर बदलायचं बारीक बटण आहे का ते फोटोत नीट बघा. सहा आणि बारा बटणांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये असतं, तीन लेअर मिळतात. पहिला लेअर वर्डचा: कॉमेंट कंट्रोल-ऑल्ट-एम, ट्रॅक चेंजेस कंट्रोल-शिफ्ट-ई. दुसरा लिब्रेऑफिसचा: कॉमेंट कंट्रोल-ऑल्ट-सी, बदलांची नोंद कंट्रोल-शिफ्ट-सी. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि वाक्यांची बटणं दोन्ही लेअरमध्ये त्याच जागी ठेवा. बोटांना जागा लक्षात राहते, लेअर लक्षात राहत नाही. नॉबला झूमसाठी ‘कंट्रोल-व्हीलअप’ आणि ‘कंट्रोल-व्हीलडाउन’ द्या, दाबल्यावर स्पीकर म्यूट.

मिंटवर मराठी लेआउट चालू असताना एखाद्या ॲपमध्ये कंट्रोलचे शॉर्टकट बसत नाहीत असं दिसलं तर लेआउटच्या यादीत इंग्रजी पहिलं ठेवा, मराठी दुसरं.

दुसरं: नंबरपॅड घरी चालेल, ऑफिसात नाही. तो मुख्य कीबोर्डवरच्या नंबरपॅडसारख्याच कळा पाठवतो. दोघांतला फरक ओळखायला कॉम्प्युटरवर काही तरी बसवावंच लागतं. मिंटवर ‘कीडी’ हा प्रोग्राम हे काम छान करतो, नंबरपॅडचा विक्रेता आणि उपकरण क्रमांक दिला की फक्त त्याच्याच कळा बदलतो. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजला दोन कीबोर्ड वेगळे ओळखता येत नाहीत, एकट्या ऑटोहॉटकीलाही नाही. त्यासाठी इंटरसेप्शन ड्रायव्हर लागतो, तो ॲडमिनशिवाय बसत नाही. बसला तरी त्याचं एक दुखणं आहे: कीबोर्ड काढून लावण्याचा प्रकार दहाएक वेळा झाला की रीस्टार्ट करेपर्यंत नवीन जोडलेला कीबोर्ड चालत नाही. रोज पिशवीत जाणाऱ्या पॅडला हे परवडणारं नाही.

डायोड४१४८

ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांच्यासाठी तिसरी वाट. रास्पबेरी पाय पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) साधारण चारशेच्या आत, नऊ मेकॅनिकल स्विच नगाला वीस-तीस, एक ईसी११ एन्कोडर (फिरवायचा नॉब) आणि कीकॅप. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं गोळा होतं. हजाराच्या आसपास बसतं आणि पाच कळांची मर्यादा संपते. तुमचं सव्वीस कळांचं वाक्य थेट पॅडमध्ये राहतं, लेआउट इनस्क्रिप्ट असेल एवढंच पाहायचं.

नऊच बटणं असतील तर मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या तारांची जाळी) आणि डायोडच्या भानगडीत पडू नका (माझ्या नावाकडे बघून हसू नका). पिकोला २६ पिना वापरता येतात. प्रत्येक स्विचचा एक पाय जीपी२ ते जीपी१० मधल्या एकेका पिनेला, दुसरे सगळे पाय एकाच तारेने जोडून ग्राउंडला. एन्कोडरच्या तीन पायांतला मधला ग्राउंडला, बाजूचे दोन जीपी१४ आणि जीपी१५ ला. दाबायच्या बाजूचे दोन पाय म्हणजे अजून एक स्विच समजा. वरची पट्टी १.५ मिमी जाडीची, चौकोनी भोकं १४ मिमी, दोन स्विचच्या मध्यबिंदूंत अंतर १९.०५ मिमी. भोक अर्धा मिलिमीटर जरी मोठं झालं तरी स्विच डुलतो आणि कीकॅप काढताना सगळाच वर येतो. पट्टी ३ मिमी ॲक्रिलिकची केलीत तर स्विचच्या कडेच्या खाचा पकडत नाहीत, मग गरम गोंद लावावा लागतो. चालतं, पण पुन्हा उघडायचं झालं की शिव्या येतात. स्विचच्या पायावर सोल्डरिंगची इस्त्री तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आतलं प्लास्टिक मऊ होऊन पाय तिरका होतो आणि कळ कधी लागते, कधी नाही.

फर्मवेअरमध्ये (बोर्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) सर्किटपायथन आणि केएमके हे सोपं. बूटसेल बटण धरून केबल लावली की पिको पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यावर यूएफ२ फाइल टाकायची, मग केएमकेचं फोल्डर आणि आपला कोड. तुमच्यासाठी गोची इथेच आहे. सर्किटपायथन चालू असताना तो पॅड प्रत्येक मशीनवर ड्राइव्ह म्हणून उगवतो. पेनड्राइव्हवर बंदी असलेल्या ऑफिसात तो खोचला की आयटीचा फोन आलाच म्हणून समजा. बूट.पीवाय (सुरू होताना चालणारी फाइल) मध्ये यूएसबी ड्राइव्ह बंद करायची एक ओळ लिहिता येते, पण आधी कोड पूर्ण तपासून मगच ती टाका, कारण नंतर दुरुस्तीसाठी ड्राइव्ह दिसणार नाही. अडकलात तर सेफ मोडमध्ये जा: पिकोला रीसेट बटण नाही, म्हणून ३० नंबरची ‘रन’ पिन क्षणभर ग्राउंडला टेकवायची, आणि सुरू होताना दिवा लुकलुकत असतो तेव्हाच पुन्हा एकदा. सेफ मोडमध्ये बूट.पीवाय चालत नाही, ड्राइव्ह परत येतो.

क्यूएमके आणि व्हायल हे दुसरं फर्मवेअर घेतलंत तर ड्राइव्हचा प्रश्नच नाही, आणि नंतर बटणं बदलायला कोड लागत नाही. पण पहिल्यांदा कम्पाइल करण्यात एक संध्याकाळ जाते. ऑफिसात न्यायचा असेल तर ती घालवा.

सव्वीस कळांचं वाक्य पाठवताना मधल्या मात्रा गळाल्या, विशेषतः रिमोट डेस्कटॉपवर, तर प्रत्येक कळेमागे दहा-वीस मिलिसेकंदांचा विराम द्या.

खटखट

डायोडरावांचा पॅड ऐटीत दिसेल, पण कानामात्रांची गरज स्पेस-सी-एच-एफ३ ने भागते. माझं मत तयार सहा बटणं एक नॉबला. फक्त केबल बघून घ्या. या स्वस्त बोर्डांत टाइप-सी सॉकेट असतं, पण त्याच्यामागे लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर कधी कधी गाळलेले असतात. मग सी-टू-सी केबलने लॅपटॉप त्याला वीजच देत नाही आणि पॅड मेलेला वाटतो. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी-ए असलेली केबल लावा, जिवंत होतो. ती केबल डेटाची हवी. फक्त चार्जिंगची असेल तर दिवे लागतील, कळा जाणार नाहीत.

कानामात्रा

ठरलं, तयारच घेतो. शेवटचं एक: नॉब उलटा चालला तर? म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर झूम कमी झाला तर?

टर्मिनलबुवा

यामलमध्ये घड्याळाच्या दिशेची आणि उलटी, अशा दोन वेगळ्या ओळी असतात. त्यांच्यातल्या नेमणुका अदलाबदल करून पुन्हा अपलोड करा. पॅड आडवा किंवा उलटा ठेवणार असाल तर आधी वरची दिशेची ओळ बदला, मगच नॉबला हात लावा, नाही तर बटणांचा क्रमही फिरलेला आढळेल.

डायोड४१४८

आणि हाताने बांधलेल्यावर तसं झालं तर जीपी१४ आणि जीपी१५ च्या तारा बदला, किंवा कोडमध्ये दोन आकडे. नॉब दोनदा टकटकल्यावर एकदाच झूम होत असेल तर तो वेगळा रोग: केएमकेमध्ये डिव्हायझर (किती स्पंदनांना एक पायरी धरायची तो आकडा) ४ असतो, तो २ करा.